मामाचा डी७२०० घेऊ की नवा मिररलेस?

रानजाई:
मंडळी, कॅमेऱ्यावरचे जुने धागे चाळून झाले. त्यातले बरेचसे दहा-बारा वर्षांपूर्वीचे आहेत आणि तेव्हा भांडण "कॅनन की निकॉन" एवढंच होतं. म्हणून नवीन काढतेय.

मी नाशिकची. थंडीत रविवारी आमचा एक गट नांदूर मध्यमेश्वरला पक्षी बघायला जातो. माझ्याकडे सध्या दुर्बीण आणि मोबाईल. शिवाय मुलगी कथक शिकते. तिच्या कार्यक्रमांना सभागृहात मिट्ट अंधार, स्टेजवर रंगीत दिवे, आणि मोबाईलमध्ये लेकीच्या चेहऱ्याच्या जागी पांढरा ठिपका. या दोन गोष्टींसाठी कॅमेरा हवाय. बजेट नव्वद हजार, त्यातच लेन्स, कार्ड, बॅग सगळं.

पेच असा की माझा मामा त्याचा निकॉन डी७२०० विकतोय. सोबत १८-१४० किट लेन्स, ५० एमएम एफ/१.८ डी आणि त्याची लाडकी ८०-२०० एफ/२.८ डी. (एमएमचा आकडा मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं, एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त, एवढं मला कळलंय.) सगळ्याचे मिळून पंचेचाळीस हजार म्हणतो. शटर काउंट, म्हणजे आजवर काढलेले फोटो, अडतीस हजारांच्या आसपास. वस्तू जिवापाड जपलेली आहे, त्याबद्दल शंका नाही. दुकानदार मात्र म्हणतो, "मॅडम, डीएसएलआर आता कोण घेतं? निकॉन झेड५०-२ नाहीतर कॅनन आर१० बघा." (डीएसएलआर म्हणजे आत आरसा असलेला, मामाचा तसाच. हे दोन बिनआरशाचे, म्हणजे मिररलेस.) व्हिडिओ मी फारसा करणार नाही. काय करू?

बटाटेभात:
मामा हा विकून स्वतः काय घेतोय ते आधी सांगा.

रानजाई:
झेड८. :)

बटाटेभात:
संपला धागा. मामा मिररलेसवर आणि आरसा भाचीच्या गळ्यात.

तोंडी_परीक्षा:
नव्वद हजारांत उत्तम मोबाईल येतो. खिशात मावतो, फोनही करता येतो. आजकाल कॅमेरा घेऊन फिरणं म्हणजे निव्वळ हौस.

पाणकावळा:
@तोंडी_परीक्षा, हौसेसाठीच विचारतायत त्या. नांदूरच्या मनोऱ्यावरून मोबाईलने चमचा पक्षी काढून दाखवा, मी पुढची सगळी चर्चा मागे घेतो.

रानजाई, मामाला जरा बाजूला ठेवा आणि आधी लेन्सचं बोला. (मोठं होणार आहे, चहा घेऊन बसा.) नांदूरला पक्षी पाण्यात बरेच आत असतात. २०० एमएमवर, क्रॉप बॉडीचा (लहान सेन्सरच्या कॅमेऱ्याचा) दीडपट हिशोब धरला तरी, ३०० एमएमइतकंच दृश्य मिळतं. तलाव सुंदर येईल, पक्षी शोधावा लागेल. भिगवणला होडीतून रोहितांच्या बऱ्यापैकी जवळ जाता येतं, तिथेही माझी लेन्स ५०० वरून खाली येत नाही. पक्ष्यांना निदान ४०० हवी. म्हणजे ८०-२०० कितीही लाडकी असली तरी रविवारच्या कामाची नाही.

आता गंमत बघा. लोक भराभर मिररलेसकडे निघाल्यामुळे डीएसएलआरच्या लांब लेन्सेस जुन्या बाजारात बऱ्या भावात सुटतायत. निकॉनची २००-५०० एफ/५.६, सिग्मा आणि टॅमरॉनच्या १५०-६००. यातली एखादी आणि डी७२०० मिळून तुमच्या बजेटच्या आसपास जमू शकेल. नव्या झेड माउंटची (माउंट म्हणजे बॉडीवर लेन्स बसते ती कडी) १८०-६०० घ्यायला गेलात तर बॉडी घ्यायच्या आधीच पाकीट रिकामं. झेड५०-२ सोबत किटमध्ये ५०-२५० येते. हलकी, छान, पण २५०च.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर अन्याय होईल. मी बरीच वर्षं डी५०० वापरला आणि आता मिररलेसवर आहे. झेड५०-२ ला पक्षी ओळखून डोळ्यावर फोकस धरता येतो. गवतातून डोकावणाऱ्या पाणकोंबडीवर डीएसएलआरचा फोकस पुढच्या पात्यावर बसतो, हा बरेचदा बरोबर डोळ्यावर जातो. शिवाय बटण पूर्ण दाबायच्या आधीच्या एका सेकंदापर्यंतचे फोटोही साठवायची सोय आहे, फक्त जेपेगमध्ये. खंड्या सूर मारतो तेव्हा आपलं बोट नेहमी उशिरा पडतं, त्यावर हा उतारा.

थोडक्यात, पोच हवी तर डीएसएलआर, पकड हवी तर मिररलेस. नव्वद हजारांत दोन्ही नाही.

कुंपणावरचा:
वाचनखूण साठवली. मीही गेली दोन वर्षं याच प्रश्नावर बसलोय. या काळात किमती बदलल्या, मॉडेलं बदलली, मी हललो नाही.

निळी_शाई:
एक महत्त्वाचा मुद्दा राहतोय. मामांच्या दोन लेन्सच्या नावापुढे "डी" आहे. नावात "एएफ-एस" नसलेल्या अशा डी लेन्समध्ये सहसा फोकसची मोटर नसते. बॉडीच्या माउंटवर पेचकसासारखं एक टोक असतं, ते फिरून लेन्सचा फोकस हलवतं. डी७२०० मध्ये ती मोटर आहे, डी३५०० आणि डी५६०० मध्ये नव्हती. आणि जुन्या एफ माउंटच्या लेन्स झेड बॉडीवर बसवायच्या निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरमध्येही नाही. पहिल्यात नाही, दुसऱ्या आवृत्तीतही नाही. म्हणजे उद्या झेड बॉडी घेतलीत तर ८०-२०० आणि ५० अडॅप्टरवर बसतील, फोटोही निघतील, पण फोकस हाताने. गिरक्या घेणाऱ्या मुलीवर हाताने फोकस करणं म्हणजे... करून बघा. १८-१४० ला स्वतःची मोटर आहे, ती चालेल. पाणकावळा म्हणतायत ती २००-५०० सुद्धा.

कॅननवाल्यांना हा त्रास नाही. त्यांनी १९८७ मध्ये ईएफ माउंट आणला तेव्हाच मोटर लेन्समध्ये घातली, त्यामुळे ईएफ लेन्सेस अडॅप्टर लावून आरएफ (त्यांच्या मिररलेस) बॉडीवर ऑटोफोकससकट चालतात. निकॉनने १९५९ चा एफ माउंट सांभाळला. तेव्हा त्याचं कौतुक झालं, आता ते असं अंगावर येतंय.

आणि अडॅप्टर म्हणजे काही जादू नव्हे. आरशाला उघडझाप करायला जागा लागते म्हणून एफ माउंटमध्ये लेन्सची कडा ते सेन्सर हे अंतर ४६.५ मिमी ठेवावं लागलं. आरसा काढल्यावर झेडमध्ये ते १६ मिमी झालं. मधले साडेतीस मिमी भरून काढणारी नळी म्हणजे एफटीझेड. आत काच नाही, त्यामुळे दर्जा घसरत नाही. उलटं मात्र होत नाही, झेडची लेन्स डीएसएलआरवर कधीच बसणार नाही. आज झेडची लेन्स घेतली तर ती पुढे चालेल, एफची घेतली तर अडॅप्टर कायमचा सोबत.

मांडवपरतणी:
मी लग्नाची कामं घेतो, जळगाव-धुळे पट्ट्यात. आमच्याकडे प्रश्न सुटलेला आहे. पार्टी व्हिडिओ मागते, रील मागते, आणि डीएसएलआर बघितला की "जुना कॅमेरा आणला" म्हणते. मी २०२१ ला बदललो. धंद्यात परत फिरणार नाही.

पण ताई, कथकसाठी एक धोका सांगून ठेवतो. मिररलेसमध्ये आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर असतं. दुकानदार ते हमखास दाखवेल आणि तुम्हाला आवडेल. स्टेजवर एलईडी दिवे असतील तर ते लावू नका. स्वस्त-मध्यम बॉडीचा सेन्सर वरपासून खालपर्यंत ओळीओळीने वाचला जातो, तेवढ्या वेळात दिवा लुकलुकतो आणि फोटोवर आडवे काळे पट्टे येतात. फिरणारा हात वाकडाही दिसतो. मेकॅनिकल शटर ठेवा. कॅननच्या आर५० मध्ये तर पूर्ण मेकॅनिकल शटरच नाही, निम्मं इलेक्ट्रॉनिक आहे. आर१० मध्ये आहे.

बटाटेभात:
घुंगरांच्या आवाजात शटर कोणाला ऐकू येतंय!

अंधारखोली:
बटाटेभात, कथकात नाही, पण ख्यालात येतं. सवाईच्या मंडपात आलापी रंगात आलेली असताना माझं शटर वाजलं की बैठकीतले रसिक वळून असे बघायचे की वाटायचं, कॅमेरा पिशवीत टाकावा आणि नुसतं ऐकावं. तिथे आवाज न होणारं शटर हे वरदान आहे, आणि केवळ त्यासाठी मी म्हातारपणी मिररलेस घेतला.

मी वर्तमानपत्रात फोटोग्राफर होतो, आता निवृत्त. झेनिटवर शिकलो, मग निकॉनच्या फिल्म बॉड्या, मग डिजिटल. त्यामुळे आरशाशी माझं जुनं नातं आहे. पण आरशाबद्दल जी हळहळ चालते ती मला पटत नाही. लोक म्हणतात, ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमध्ये "खरं" दिसतं. दिसतं, मान्य. लेन्समधून आलेला उजेड आरशावरून प्रिझममध्ये आणि तिथून डोळ्यात. मधे पडदा नाही, विलंब नाही. मात्र बटण दाबलं की आरसा वर उचलला जातो आणि नेमक्या त्या क्षणी व्ह्यूफाइंडर काळा होतो. म्हणजे जो क्षण फोटोत उतरला तो काढणाऱ्याने पाहिलेलाच नसतो! क्रिकेटमध्ये आम्ही यावरून अंदाज बांधायचो. फलंदाजाची बॅट चेंडूला लागताना व्ह्यूफाइंडरमध्ये मला दिसली, तर समजायचं की फोटो हुकला.

मिररलेसमध्ये डोळ्यासमोर असतो तो छोटा टीव्ही. सुरुवातीला मला मळमळायचं. जलद फोटो काढताना तो मागची चित्रं दाखवत राहतो आणि पळणारा खेळाडू निसटतो. २०१७ च्या सोनी ए९ पासून महागड्या बॉड्यांमध्ये हा दोष गेला, तुमच्या बजेटमध्ये थोडा राहणारच. बदल्यात एक गोष्ट मिळते, उजेड फोटोत कसा उतरणार ते बटण दाबण्याआधीच दिसतं. काळा पडदा आणि एकच झोत, असं स्टेज असलं की डीएसएलआरचं मीटर काळ्याला भुलतं आणि चेहरा जाळतं. तो तुमचा पांढरा ठिपका. मिररलेसमध्ये नवशिकाही बघून एक चाक फिरवतो आणि चेहरा जागेवर येतो. डीएसएलआरमध्ये हे जमायला स्पॉट मीटरिंग, म्हणजे चित्राच्या एका छोट्या भागावरून उजेड मोजणं, शिकावं लागतं. तासाभराचं काम आहे, पण शिकावं लागतं.

आता ८०-२०० बद्दल. पाणकावळ्यांनी तिला पक्ष्यांतून बाद केलं ते बरोबर. पण कथकला याहून चांगली लेन्स तुम्हाला या पैशांत मिळणार नाही. संपूर्ण झूममध्ये एफ/२.८ म्हणजे ५०-२५० च्या लांब टोकाच्या एफ/६.३ पेक्षा पाचपट उजेड. तिच्यात स्थिरीकरण (हाताची थरथर सावरायची सोय) नाही असं कोणी म्हणेल. चक्कर गोठवायला १/५०० सेकंदाचा शटर लागतोच, तिथे स्थिरीकरण असून उपयोग काय? सव्वा किलोच्या वर वजन आहे, मधल्या रांगेत बसून गुडघ्यावर कोपर टेकवा.

जास्वंदी:
काका, किती छान लिहिलंत! अवांतर: आमच्याकडे आजोबांचा आग्फा क्लिक थ्री होता. एका रोलमध्ये बारा फोटो. सहलीला गेलं की आजोबा प्रत्येक फोटोआधी सगळ्यांना विचारायचे, "हा काढण्यासारखा आहे का?"

बटाटेभात:
आता सहलीत बाराशे काढतात आणि तो प्रश्न घरी आल्यावरही कोणी विचारत नाही.

तोंडी_परीक्षा:
मी फिल्मवर पण प्रतिसाद देऊ का?

बटाटेभात:
नको.

उणे_वीस:
एडमंटनहून. आमच्या थंडीत बॅटरीचा प्रश्न आधी येतो. डी७२०० च्या एका चार्जमध्ये प्रमाणित चाचणीनुसार १११० फोटो निघतात, झेड५०-२ चे अडीचशेच्या आसपास. ती चाचणी एकेक फोटो काढून करतात, बर्स्टमध्ये (सलग धडाधड काढताना) प्रत्यक्षात बरेच जास्त मिळतात, पण फरक राहतोच. कारण साधं आहे, ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरला वीज लागत नाही, मिररलेसचा सेन्सर आणि पडदा सतत जागे. कॅननमध्ये तर एलपी-ई१७ ही एकच बॅटरी २००डी मार्क २ या डीएसएलआरमध्ये हजारावर फोटो देते आणि आर५० मध्ये पाचशेचा आकडाही गाठत नाही. पहाटेपासून दुपारपर्यंत मनोऱ्यावर बसणार असाल तर मिररलेसच्या बजेटमध्ये दोन जादा बॅटऱ्या धरा. इथे मी त्या स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवतो, नाशिकला तेवढी वेळ येणार नाही.

बेडूकराव:
डी७२०० ची स्क्रीन हलत नाही हे कोणीच बोललं नाही? आंबोलीत रात्री बेडकांचे फोटो काढायला मी तोच न्यायचो. बेडकाच्या पातळीवर यायचं तर चिखलात पूर्ण आडवं व्हायचं आणि व्ह्यूफाइंडरला डोळा लावायचा. लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या स्क्रीनवर बघून काढताना) त्याचा फोकस गोगलगायीलाही हरवता येणार नाही असा. मिररलेस घेतल्यापासून स्क्रीन वळवून उकिडवा बसतो. बायको म्हणते, संसारात कॅमेऱ्याने केलेली ही एकच बचत, साबणाची.

तलावाकाठी चिखलपायटे पक्षी काढायचे असतील तर हाच प्रश्न येईल.

निळी_शाई:
+१. आणि लांब लेन्स लावल्यावर चुकीच्या जागी पडणारा फोकस हाही डीएसएलआरचा खास रोग. त्याचा फोकस सेन्सर वेगळा, आरशाखाली बसवलेला. तो आणि मुख्य सेन्सर यांचं केसभर जुळलं नाही की फोकस दर वेळी थोडा पुढे किंवा मागे. मिररलेस मुख्य सेन्सरवरच फोकस करतो, त्यामुळे ही भानगड नाही. डी७२०० मध्ये ते जुळवायची सोय आहे, एएफ फाइन ट्यून.

मांडवपरतणी:
शेवटी काय, डीएसएलआर मेलेला आहे. मेलेल्या वस्तूचे पंचेचाळीस हजार?

पाणकावळा:
मेलेला म्हणजे काय? कॅनन-निकॉनने २०२० नंतर नवा डीएसएलआर आणला नाही, १डी एक्स मार्क ३ हा आपला शेवटचा बडा डीएसएलआर असं कॅननने सांगून झालंय, हे खरं. नवं काही येणार नाही. पण २०१५ मध्ये जो फोटो डी७२०० काढायचा तोच आजही काढतो. २४ मेगापिक्सेल आहेत, शटर दीड लाखांसाठी तपासलेलं, त्यातले अडतीस हजार झालेत. मेलं ते दुकानातलं शेल्फ. धंदा असेल तर तुमचं बरोबर, सुटे भाग आणि दुरुस्तीचा विचार करावा लागतो. हौशी माणसाला उलट हीच वेळ.

किंमत मात्र मलाही जास्त वाटते. बॉडीला आता फार भाव नाही. मुंबईत बोरा बाजारात चौकशी केलीत तर अंदाज येईल. मामा घरचा आहे, पस्तीसवर आणा.

मांडवपरतणी:
धंदा नसेल तर ठीक. पण पाच वर्षांनी ती बॉडी विकायला जाल तेव्हा माझी आठवण काढा.

सुकटबोंबील:
मालवणातून एक सूचना. कोणाचीही जुनी लेन्स घेताना, मामाची असली तरी, मागून मोबाईलचा टॉर्च मारून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यागत धागे दिसले की बुरशी, दमट हवेत धरते. एफ/२.८ लेन्समध्ये काचा मोठ्या आणि पुष्कळ, साफसफाई महाग. मामा कुठे राहतो?

रानजाई:
मामा ठाण्याला राहतो. :( बघायला हवं.

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी दुकानात सांगितलं नव्हतं. @अंधारखोली काका, स्पॉट मीटरिंगचं आजच वाचलं. @तोंडी_परीक्षा, मोबाईल आहे हो.

रविवारी ठाण्याला जाऊन येते.

कुंपणावरचा:
तोवर कॅनन आर७ बद्दल कोणी बोलेल का? त्याच्या बॉडीतच स्थिरीकरण आहे म्हणतात.

निळी_शाई:
आहे. झेड५०-२, आर१०, आर५० यांत नाही. पण त्याची किंमत या धाग्याच्या बाहेरची आहे. वेगळा धागा काढा.

कुंपणावरचा:
काढू की नको असा विचार करतोय.

रानजाई:
जाऊन आले. टॉर्च मारून पाहिलं, ८०-२०० स्वच्छ आहे. मामाकडे कोरडं कपाट आहे, आकडा दाखवणारं. ५० मध्ये कडेला एक बारीक धागा दिसला, तो मामाने स्वतःच दाखवला आणि ती लेन्स फुकट दिली. १८-१४० मी नको म्हटलं. बॉडी आणि ८०-२०० मिळून बत्तीस ठरले. मामी म्हणाली तीस, तर तीस.

त्याचा झेड८ हातात घेऊन बाल्कनीतल्या कबुतरावर धरला. डोळ्यावर चौकट जाऊन बसली आणि हलेना. दहा मिनिटं मला काही सुचत नव्हतं, खोटं कशाला सांगू. पण तेवढ्या पैशांत आमची स्कूटर येते आणि वर बरेच उरतात. काल तालमीत ८०-२०० लावून बसले. ततकार चालू असताना मुलीच्या पायांचे जे फोटो आलेत ते तिच्या गुरूंनी मागून घेतले. चेहऱ्याचं अजून जमतंय-नाही असं आहे, स्पॉट मीटर कुठे धरायचा यात गोंधळ होतोय.

उरलेल्या पैशांत पक्ष्यांची लेन्स. २००-५०० एक बघितलीय, नाशिकमधलेच गृहस्थ विकतायत. @पाणकावळा, घेताना काय तपासू? आणि तो फाइन ट्यूनचा प्रकार नक्की कसा करतात?

अंधारखोली:
कपाळावर धरा, नथ-बिंदीवर नको. कार्यक्रमात एकदा उजेड ठरला की मॅन्युअलवर जा.

पाणकावळा:
ती लेन्स आणायला जाताना डी७२०० आणि ट्रायपॉड सोबत न्या. आधी टॉर्च, मग झूमची रिंग पूर्ण फिरवून कुठे अडकते का बघा. स्थिरीकरण चालू करून बटण अर्धं दाबा, व्ह्यूफाइंडरमधलं चित्र शांत व्हायला हवं, उडी मारता कामा नये. ट्रायपॉड कॉलरचा स्क्रू घट्ट बसतो ना तेही बघा, दोन किलोंहून जास्त वजन त्यावर तोललेलं असतं.

फाइन ट्यूनसाठी वर्तमानपत्राचं पान पुठ्ठ्यावर चिकटवून पंधरा-वीस फुटांवर थोडं तिरकं उभं करा. लेन्स ५०० वर, छिद्र पूर्ण उघडं, ट्रायपॉडवर स्थिरीकरण बंद. आधी लाइव्ह व्ह्यूमध्ये मधल्या एका शब्दावर फोकस करून फोटो घ्या, तो तुमचा प्रमाण फोटो. मग व्ह्यूफाइंडरमधून त्याच शब्दावर, दर वेळी फोकस बिघडवून नव्याने, पाच-सहा घ्या. मोठे करून बघा. शब्दाच्या मागच्या ओळी धारदार येत असतील तर आकडा उणेकडे, पुढच्या येत असतील तर अधिककडे. एकदम पाच-पाचने सरका, मग बारीक करा. सेटअप मेनूत ते सापडेल, लेन्सनुसार लक्षात ठेवतो. ८०-२०० साठी वेगळं करावं लागेल, आणि ते स्टेजइतक्या अंतरावरून करा.